पाच नंबरचा पडदा

"सरोवर कुणाच्या बापाचं नसतं!" जेवणघराच्या मधोमध उभं राहून कप्तानांनी जाहीर केलं. "ते पाहणाऱ्याचं असतं. आमच्या चार पिढ्यांच्या डोळ्यांत हे सरोवर साठलंय, वकीलसाहेब. आणि डोळे काही खरेदीखतात लिहून देता येत नाहीत!"

वाक्य झकास होतं. ऐकून कप्तानांना स्वतःलाच भरून आलं. पण बोलताना त्यांचं तोंड भटारखान्याकडे होतं आणि पाठ सरोवराकडे. शिवाय त्या चार पिढ्यांपैकी एकानंही वरच्या मजल्यावरून दिसणारं ते प्रसिद्ध दृश्य कधी धड पाहिलेलं नव्हतं. कप्तान हे नावसुद्धा त्यांना एका जुन्या टोपीवरून पडलेलं. ते गेस्ट हाउसचा बॉयलर सांभाळायचे. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं.

"काका, बसा आता," पुतण्या म्हणाला. "चहा निवतोय."

"निवू दे!" असं म्हणून कप्तान बसले आणि त्यांनी चहा निवायच्या आत संपवला.

त्याची आई, म्हणजे घरच्या वहिनी, कोपऱ्यातल्या टेबलाशी नॅपकिनांच्या घड्या घालत होत्या. घरातली कुठलीही महत्त्वाची बैठक असली की वहिनींच्या हातात कापड असायचं. सासरे गेले तेव्हा उशांचे अभ्रे होते, मुलानं शहरात नोकरी धरल्याचं सांगितलं तेव्हा चादरी. मतं इतरांची असायची. घड्या वहिनींच्या.

आज मात्र त्यांच्या मताला भाव आला होता. एका मोठ्या कंपनीला ही जागा हवी होती. दोन खोल्यांपासून वाढत गेलेलं हे घर पाडून तिथे काचेचं हॉटेल उभं राहणार होतं. सह्या तिघांच्या लागत होत्या: कप्तानांची, त्यांच्या बहिणीची म्हणजे आत्यांची, आणि थोरल्या भावाच्या वाटणीपोटी आता वहिनींची. थोरले, म्हणजे सगळ्यांचे दादा, जाऊन दोन वर्षं झाली होती. कंपनीचे वकील परवा कागद घेऊन आले आणि पाहुणे म्हणून पाच नंबरच्या खोलीत उतरले.

"मुद्दा भावनेचा नाहीच," आत्या म्हणाल्या. त्या तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि समोरच्या माणसाला अजून पहिल्या बाकावरच बसवायच्या. "मुद्दा इतिहासाचा आहे. हा सगळा प्रदेश नावारूपाला आला तो या घरामुळे. माझ्या हस्तलिखितात चारशे पानं झालीत."

"कुठपर्यंत आलाय इतिहास?" वकिलांनी विचारलं.

"आगबोटीपर्यंत. अजून रस्ता व्हायचाय."

रस्ता होऊन चाळीस वर्षं झाली होती, पण आत्यांच्या हस्तलिखितात अजून सगळे बोटीनंच येत होते.

इतिहास म्हणाल तर त्याची सुरुवात एका खोकल्यानं झाली. पणजोबा होडीवाले. घर दोन खोल्यांचं, एक पाण्याकडे, एक मागे लाकडांच्या ढिगाकडे. एके दिवशी एक डॉक्टर आपलाच खोकला घेऊन आले आणि म्हणाले, "आठवडाभर राहीन म्हणतो." पणजोबांनी त्यांना पुढची खोली दिली आणि बायकोमुलांना घेऊन मागे गेले. डॉक्टर आठवडाभर म्हणून आले ते अकरा वर्षं राहिले. त्या अकरा वर्षांत त्यांनी, इथल्या हवेनं माणसाला नवी फुप्फुसं फुटतात, अशा अर्थाची पुस्तिका लिहिली. मग आजारी माणसं आली. त्यांच्याबरोबर त्यांचे नातेवाईक आले. आजाऱ्यांचं काय झालं ते पुस्तिकेत नाही, पण नातेवाईक चांगले टवटवीत झाले. मग नुसतेच टवटवीत लोक येऊ लागले आणि त्यांनी आजाऱ्यांना हटवलं, कारण शेजारी कुणी खोकत असलं की दृश्य नीट दिसत नाही. मग चित्रकार आले. मग आगबोट आली, तिच्यातून नवी जोडपी आली. मग रस्ता आला, आणि रस्त्यावरून असे लोक येऊ लागले की जे गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणत, रस्ता व्हायच्या आधी इथे किती शांत होतं!

डॉक्टर शेवटी खोकल्यानंच गेले. पण आत्यांचं म्हणणं, ही हवा नसती तर ते पहिल्याच प्रकरणात गेले असते.

पणजोबांच्या त्या एका आठवड्यातून घराचा नियम निघाला: पुढच्या खोल्या पाहुण्यांच्या, मागच्या आपल्या. खालून म्हणजे धक्क्यावरून पाहिलं तर पाणी, चार होड्या आणि समोरची बोडकी टेकडी एवढंच दिसे. वरच्या खोल्यांतून मात्र टेकडीच्या डोक्यावरून सरोवराचा सगळा पसारा दिसतो आणि त्याच्याही मागे बर्फाची शिखरं, असं म्हणत. म्हणत, कारण सासूबाईंनी त्या नियमाला आणखी एक शेपूट जोडलं होतं. खोली लावायची ती पडदा ओढून. झाडायचं पडदा ओढून, चादर बदलायची पडदा ओढून. पाहुण्याला अंधाऱ्या खोलीत सोडायचं, पडद्याची दोरी त्याच्या हातात द्यायची, आपण बाहेर येऊन दाराकडे पाठ करून उभं राहायचं. पहिली नजर पाहुण्याची. आतून "अहाहा" ऐकू आलं की मगच जिना उतरायचा.

वहिनींनी अशी चव्वेचाळीस वर्षं दाराकडे पाठ करून काढली. अहाहाचे सगळे प्रकार त्यांना पाठ होते. नव्या जोडप्यांचं अर्धवट राहणारं. म्हाताऱ्यांचं खोल, शेवटी उसासा असलेलं. एका बाईंचं तर अहाहा म्हणता म्हणता रडणं झालं होतं. ते ऐकत वहिनी जिन्याच्या कठड्याला धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की खाली दूध उतू गेलं. "एवढंच?" असं म्हणणारे गृहस्थही भेटले होते, पण ते सरकारी पाहणीवर आलेले होते. स्वतः वहिनींनी दोनदा बोटभर फटीतून पाहिलं होतं. दोन्ही वेळा धुकं होतं. सासूबाईंचा वचक असा की धुक्यानंही नियम पाळला.

"कंपनीचा इतिहासाला पूर्ण पाठिंबा आहे, मॅडम," वकील बिस्किट मोडत म्हणाले. "नव्या हॉटेलात तळमजल्यावर एक दालनच ठेवायचा विचार आहे. तुमचं हस्तलिखित काचेच्या पेटीत. बाहेर पाटी, तुमच्या नावाची."

आत्यांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला चष्मा घातल्यावर त्यांना परिस्थिती वेगळी दिसू लागली असावी.

"काच चांगल्या प्रतीची असेल ना?" त्यांनी विचारलं.

"ताई!" कप्तान ओरडले.

"ओरडू नकोस. कसर लागतेय माझ्या कागदांना. मागच्या खोल्यांत ओल किती आहे ते तुला कळायचं नाही, तू बॉयलरपाशी झोपतोस."

"आणि कप्तानसाहेब," वकील म्हणाले, "धक्क्यावर पाहुण्यांचं स्वागत करायला अनुभवी, भारदस्त माणूस लागणार. गणवेश कंपनीचा. टोपीला सोनेरी पट्टी."

कप्तानांनी डोक्यावरची टोपी चाचपली. मग म्हणाले, "होडीत बसावं लागेल का?"

"छे! फक्त धक्क्यावर उभं राहायचं."

"पट्टी एक की दोन?"

डोळे खरेदीखतात लिहून देता येत नाहीत, पण डोक्याची गोष्ट निराळी. अर्ध्या तासात दोन सह्या पिकून तयार झाल्या. त्याबरोबर वहिनींच्या मुलाचा चेहरा पडला. वास्तविक गिऱ्हाईक त्यानंच आणलेलं. गेली दोन वर्षं दर रविवारी फोनवर "आई, विकून टाक, किती दिवस चादरी धूत बसणार?" म्हणणारा तोच. पण काका आणि आत्या विरोध करतील या भरवशावर तो निर्धास्तपणे आग्रह करत होता. आता ते विकायला निघाले म्हटल्यावर त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"पण मग," तो म्हणाला, "मी सुट्टीत येऊ कुठे?"

"हॉटेलात ये," कप्तान म्हणाले. "मी धक्क्यावर असेनच."

"काका, चेष्टा नको. मी त्या माळ्यावर लहानाचा मोठा झालोय."

"त्या माळ्याला तू मागच्या महिन्यात उंदरांचं घर म्हणालास," आत्या म्हणाल्या.

"माझे उंदीर आहेत ते! मी काहीही म्हणेन."

"म्हणजे आता तू नको म्हणतोस आणि आम्ही हो?"

"मी नको म्हणत नाहीये. मी... आई, तू बोल ना काहीतरी! सगळं तुझ्यावर आहे. तुला काय हवंय?"

वहिनींचा हात घडीवर थांबला. हा प्रश्न त्यांना या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, निदान चहा की कॉफी हे सोडून. दादांनीसुद्धा विचारला नव्हता, कारण त्यांना उत्तर माहीत होतं.

लग्न होऊन वहिनी या घरात आल्या त्या दिवशी दादांनी सासूबाईंना कसं पटवलं कोण जाणे, पण पाच नंबरची खोली एका रात्रीपुरती नव्या जोडप्याला मिळाली होती. वहिनींची पेटी वर गेलीसुद्धा. तेवढ्यात संध्याकाळची आगबोट लागली आणि तिच्यातून दुसरंच एक नवं जोडपं उतरलं, भिजलेलं आणि चिठ्ठीपत्री न पाठवता आलेलं. पेटी खाली आली. "आजची रात्रच फक्त," दादा म्हणाले. "उद्या मोकळी झाली की आपण." मग हंगाम संपला की आपण. पण हंगाम संपला की गाद्या गुंडाळत, नळ बंद करत आणि पुढच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकत. चव्वेचाळीस हंगाम असे गेले.

त्याऐवजी दादा सांगायचे. सहा वर्षांचे असताना त्यांना गोवर आला होता. भावंडांना लागू नये म्हणून सासूबाईंनी नियम मोडून त्यांना आठवडाभर पाच नंबरात ठेवलं. घराण्यात त्या खोलीत झोपलेला एवढा एकच माणूस. संध्याकाळी कपड्यांच्या खोलीत इस्त्रीपाशी बसून दादा ते वर्णन करायचे. पाणी कसं सकाळी शिशासारखं आणि दुपारी मोरपिशी. शिखरं तीन. "पोस्टकार्डावर दोनच आहेत," वहिनी म्हणायच्या. "कार्डात मावत नाही तिसरं," दादा म्हणायचे. "पार डावीकडे आहे. बुटकं, जरा वाकलेलं, सभेला उशिरा आल्यासारखं. तुला दाखवीन की."

वहिनींनी नॅपकिन खाली ठेवला.

"साहेब," त्यांनी वकिलांना विचारलं, "तुम्ही परवापासून पाचात आहात. मी बाहेर बराच वेळ उभी होते. तुम्ही काही म्हणाला नाहीत."

वकील गोंधळले. "काय म्हणायला हवं होतं?"

"पडदा उघडलात ना तुम्ही?"

"पडदा होय? नाही हो. लॅपटॉपवर उजेड येतो. तसाच आहे तो. काही बिघडलं का?"

आत्यांनी तोंडावर हात ठेवला. कप्तानांनी डोक्यावरची जुनी टोपी काढून मांडीवर घेतली. दोन दिवस, दोन सकाळी, आणि पडदा तसाच!

"मला पाच नंबरची खोली हवी आहे," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे वाटणीत?" वकिलांनी पेन उघडलं.

"म्हणजे आत्ता. तुमचं सामान मागे नेते. बॉयलरशेजारची खोली कोरडी आहे. उजेड तर मुळीच येत नाही."

"वहिनी, अहो पण नियम..." कप्तान म्हणाले.

"भाऊजी, तुमच्या टोपीला किती पट्ट्या ठरल्या?"

कप्तान उठले आणि वकिलांची बॅग आणायला वर गेले.

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा सगळं घर पाच नंबरच्या दाराशी जमलं. आत जाताना वहिनींना उगाचच वाटलं की आपण चपला बाहेर काढाव्या. मग वाटलं, पाहुणे कुठे काढतात? त्या चपलांसकट गेल्या. मुलानं पडद्याची दोरी त्यांच्या हातात दिली. हे काम त्यानं लहानपणी हजारदा पाहिलं होतं. तो बाहेर गेला, दार लावून घेतलं, आणि वहिनींना कळलं की बाहेर सगळे दाराकडे पाठ करून उभे आहेत. कप्तानांचे गुडघे वळताना वाजतात, ते वाजले.

वहिनींनी दोरी ओढली.

टेकडी अगदीच ठेंगणी होती. आयुष्यभर जी आडवी आली ती ही एवढीशी! तिच्या डोक्यावरून पाणी जे सुरू झालं ते थांबायलाच तयार नव्हतं. मध्ये एक होडी होती, तिच्यामागे तिची लांबच लांब रेघ, आणि ती रेघ पुसायची घाई कुणालाच नव्हती. पलीकडच्या काठाला कुणाच्या तरी खिडक्या लागोपाठ पेटत होत्या, सूर्य एकेकीला हात लावत चालल्यासारखा. आणि या सगळ्याच्या मागे बर्फ, गुलाबी.

शिखरं दोन होती.

वहिनी डावीकडे सरकल्या. मग पार डावीकडे गेल्या, गाल काचेला लागेपर्यंत. काच गार होती. डावीकडे आकाश होतं, भरपूर, आणि त्यात काहीही नव्हतं. उशिरा आलेलं, वाकलेलं, बुटकं असं काहीच नाही. त्या पलंगावर बसल्या. आणि तेव्हा त्यांना आठवलं की गोवर आलेल्या पोराला पूर्वी कसं ठेवत. अंधारात. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून आठवडाभर पडदा ओढून.

म्हणजे दादांनीही पाहिलं नव्हतं. सहा वर्षांचा मुलगा अंधारात पडून, शेजारच्या खोल्यांतून ऐकलेल्या लोकांच्या अहाहांवरून एक अख्खं सरोवर बांधत बसला होता. आणि मग तेच बेचाळीस वर्षं बायकोला थोडं थोडं देत राहिला, इस्त्रीच्या वाफेतून, एक शिखर वरचं घालून.

वहिनींना हसू आलं. मग नुसतं हसूच राहिलं नाही. नॅपकिन खाली राहिला होता, पदर होता. समोरचं सगळं सुंदर होतं, पोस्टकार्डापेक्षा फार सुंदर, आणि त्यात डावीकडे एक जागा रिकामी होती. ती जागा आता जन्मभर दिसणार होती. काचेचं हॉटेल झालं तर ती कुणाला दिसणार? लोक दोनच शिखरं मोजतील आणि हिशेब बरोबर आहे असं समजून जेवायला जातील.

बाहेर कुजबुज चालू झाली होती.

"काही म्हणाली का?" आत्या.

"शू! अजून नाही."

"दोरी अडकली असेल. जाऊ का?"

"काका, पाठ करा!"

"केलीय रे. पाठ करून किती वेळ उभं राहायचं? वहिनी कशा उभ्या राहायच्या कोण जाणे."

"वकीलसाहेब, तुम्हीही वळा. नियम आहे."

"मी वळलेलोच आहे," वकिलांचा आवाज. मग जरा थांबून, "खरंच इतकं चांगलं दिसतं का हो आतून?"

उत्तर कुणाला ठाऊकच नव्हतं.

पाण्यावरची रेघ आता पुसत आली होती. वहिनी उठल्या. अहाहा त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं, पण ते बाहेर द्यावं असं त्यांना वाटेना. इतकी वर्षं लोकांचं ऐकलं, आपलं एक राहू दे आत. त्यांनी तोंड धुवायचं ठरवलं, न्हाणीघरात जाऊन आल्या आणि मग दार थोडंसं उघडलं. बाहेर चार पाठी ओळीनं उभ्या होत्या.

"आई?" मुलगा वळला. त्याचा आवाज लहानपणीचा झाला होता. "काय ठरवलंस? कागद खालीच आहेत, पेनसुद्धा..."

"बघू रे. घाई काय आहे?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि थेंब हनुवटीवरून खाली पडत होते. "मी इथे आठवडाभर राहीन म्हणते."

कप्तानांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी कप्तानांकडे पाहिलं. या घरात आठवडाभर म्हणजे किती, हे दोघांनाही तोंडपाठ होतं. कप्तानांनी सुस्कारा टाकून जुनीच टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मुलानं कठडा घट्ट धरला आणि तो हसतोय की काय ते कुणाला दिसू नये म्हणून पुन्हा पाठ केली. वकील मात्र वाट पाहत राहिले, की आठवडा संपायला अजून कितीसे दिवस!

"आणि भाऊजी," दार लावता लावता वहिनी म्हणाल्या, "या खोलीत टॉवेल नाहीये. तेवढा एक कोरडा आणून देता का?"